हिरवा कागद

भूकंपाला सतरा दिवस झाले, तरी जमीन अधूनमधून हलत होती. मी, बाळ आणि सासूबाई मदत संस्थेच्या तंबूतच राहत होतो. आज संस्थेचे इंजिनिअर आले. त्यांनी घराच्या भिंती बाहेरून ठोकून पाहिल्या आणि दारावर 'राहण्यास योग्य' असा हिरवा कागद डकवला.

"घर ठणठणीत आहे, मावशी. आजपासून बाळाला घेऊन खुशाल आत झोपा. तंबू आम्ही घेऊन जातो."

मी बाळाला घट्ट धरलं. सासूबाई मात्र आत गेल्या आणि छताला गेलेल्या तड्याच्या बरोबर खाली त्यांनी खुर्ची मांडली.

"मग बसा ना साहेब, चहा टाकते."



साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच वर पाहिलं. "नको मावशी... मी इथे अंगणातच बरा."