दहापैकी दहा

मोबाइल आणि हेडफोनच्या मध्ये जोडायचा, आवाज सुस्पष्ट करणारा काडेपेटीएवढा डॅक-अ‍ॅम्प परीक्षणासाठी थेट रेडी गावात घरपोच आला, तसा किरण हरखला. चतुर्थीला घरात वडलांचं, काशीरामबुवांचं, भजन रंगलं होतं. त्याचंच रेकॉर्डिंग लावून त्याने यंत्राचा कस पाहिला आणि यूट्यूबसाठी कॅमेऱ्यासमोर बसला.

“काय बारकावे, मंडळी! झांजांच्या गदारोळातही बुवांना लागलेली धाप कळते. छातीतली घरघरसुद्धा सुटत नाही. दहापैकी दहा!”

चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली.

“ह्यांच्या छातीत घरघरता, डॉक्टराक दाखव, म्हणान मी चतुर्थीपासून सांगतंय, किरणा. तू म्हणतस, ‘माका तर काय ऐकाक येना नाय.’”