जावक क्रमांक

साहेबांच्या आदेशावरून सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर अपग्रेड केले आणि दुसऱ्या दिवशी पत्रांना जावक क्रमांक देणारा प्रोग्रॅमच उघडेना. "साहेब, त्याला जुनी लायब्ररी, म्हणजे जोडीच्या फायलींचा संच, लागते, सिस्टिमने नवी आणून बसवलीय. दोघांचं जुळवायला चार दिवस जातील," इंजिनिअर म्हणाला.

प्रोग्रॅम चालत होता तो फक्त स्टोअरच्या काकूंकडे. अपग्रेडची सूचना आली की त्या दर वेळी ‘नंतर’ दाबायच्या. कालही त्यांनी तेच केलं होतं.

"आदेश मोडता? मेमोच देतो. बढती विसरा आता!" साहेब सगळ्यांदेखत कडाडले.

तासाभराने तोच मेमो घेऊन ते काकूंच्या टेबलापाशी आले. "काकू, याला तेवढा जावक क्रमांक देता का?"



काकू मान वर न करता म्हणाल्या, "नंतर."