भाषण कुणाचं?

"भाषण कुणी लिहून दिलं, तेवढं सांग," मुख्याध्यापक दिगंबर सर म्हणाले.

"मीच लिहिलं, सर," आम्रपाली पुन्हा म्हणाली.

दहावीतली मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण स्वतः लिहिते, हे पुण्यात कोण खरं मानणार? इथे भाषण लिहायचं ते आईनं, नाहीतर बाईंनी. मुलांनी फक्त हातवारे करायचे. भाषणही आधी दिगंबर सरांना दाखवायचं. ते लाल रेघा मारणार, उरेल ते पाठ करायचं. आम्रपालीनंही 'वाचनाचे महत्त्व' रीतसर मंजूर करून घेतलं होतं. काल माईकसमोर मात्र ती भलतंच बोलली. मुलींच्या स्वच्छतागृहाला जूनपासून कुलूप आहे, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि कुणी तोंड उघडलं तर तिला वर्गाबाहेर उभं करतात. तेही पाहुण्यांसमोर! मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात माईक बंद पडला, म्हणजे पाडला.

तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रजा टाकून आले होते. खुर्ची रिकामी असूनही उभेच होते. मुलीच्या डोक्यात हे कुणीतरी भरवलंय, असं सरांनी त्यांना ऐकवलं. नाव कळलं तर मुलीला माफ करू, नाहीतर आजच दाखला घेऊन जा. दहावीच्या मुलीला आता मध्येच कोण घेणार?

वडिलांनी हात जोडले. "बाळा, सांगून टाक ना कुणी दिलं ते."

बापालासुद्धा खरं वाटेना!

कोपऱ्यात अक्षता बाई उभ्या होत्या. त्या मराठी शिकवायच्या. नोकरी कंत्राटी, दरवर्षी याच सरांच्या सहीवर टिकायची. त्यांना झळ लागू नये म्हणून आम्रपालीनं त्यांनाही काही कळू दिलं नव्हतं. पण तिचे निबंध वाचून, वर्गात असं लिहिणारं दुसरं कुणी नाही, असं म्हणणाऱ्याही त्याच. काल भाषण ऐकताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, बाईंना विचारा," आम्रपाली म्हणाली. "मी कसं लिहिते ते त्यांना माहितीये."

शाळा गेली तर गेली. शब्द हिचेच आहेत, एवढं एका माणसानं तरी म्हणावं, बाकी तिला काही नको होतं.

सरांनी मान वळवली. "बोला बाई. आपण रोज शिकवता हिला. जमेल असं लिहायला?"

आम्रपालीकडे बाईंनी पाहिलंसुद्धा नाही.

"नाही सर. तिची तेवढी कुवत नाही," त्या म्हणाल्या. "ते भाषण मी लिहून दिलं."