पेडणेकरांचा शिरा

शशिकलेच्या मनगटावरचा ‘ची’मापक रोज चाळीसवर चढायचा, आज तो अकरावरच अडकला. शेजारचे पेडणेकर तिच्या तळव्यावर तळवा ठेवून घामाघूम झाले होते.

‘ची’ ही चिनी वैद्यांची प्राणशक्ती आता एकाकडून दुसऱ्याला देता येत होती. पण भालचंद्रच्या हातून बायकोला ती नऊच्या वर कधी मिळालीच नाही. त्रेचाळीस वर्षांचा संसार त्याचा आणि ती जगत होती पेडणेकरांच्या हातावर!

“देणारा तृप्त हवा,” असं नर्सने बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी भालचंद्र पेडणेकरांना शिरा करून वाढायचा. आज मात्र त्याने मुद्दाम, “रवा संपलाय,” म्हणून सांगितलं होतं.

“पेडणेकर, तुम्हाला बरं नाही का हो?” शशिकलेने क्षीण आवाजात विचारलं. तिचे ओठ निळसर पडले होते.

“उपाशी आहे, वहिनी. तुमच्या यजमानांनी रेशनिंग लावलंय!”

ती हसली. भालचंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि डब्यातला रवा दुप्पट तुपात भाजू लागला.

शिरा खाऊन पेडणेकरांनी पुन्हा हात ठेवला. आकडा भराभर चढू लागला. भालचंद्रला तो बघवत नव्हता, आणि त्यावरून नजरही हटवता येत नव्हती.

“अजून वाढू का?” त्याने विचारलं.