तक्त्यातल्या दोन ओळी

"तीनच नावं," शिक्षण कार्यालयातला कारकून म्हणाला. चौथं एखादं मागच्या बाजूला लपलंय का, म्हणून त्याने सौजन्याने यादी उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं. "दहाच्या खाली आकडा आला की बालवाडी बंद. मुलं पुलाजवळच्या बालवाडीत जातील. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस, साहेब. माझ्या हातात काही नाही."

साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे निरीक्षक. पाण्याच्या टाकीमागच्या त्या एका खोलीत, चार वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या खुर्चीवर ते गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. शेजारी बायको, तिच्या मांडीवर मुलगी. दारात इस्त्रीवाली, दोन्ही हातांना एकेक जुळं.

"पुलाजवळ किती झाली?" निरीक्षकांनी विचारलं.

"एकशे बारा. खोल्या दोन. व्हरांडा धरला तर अडीच." कारकून खुशीत आला. "सगळी तुमच्या तक्त्याची कृपा."

तक्ता त्यांचाच होता. उपनगरात सरकारी बालवाड्या पाच. कुठल्या बालवाडीतली मुलं पुढे तिसरीत कशी वाचतात, कशी गणितं सोडवतात, हे त्यांनी साठलेली रजा खर्चून आणि शाळाशाळांचे उंबरे झिजवून मांडलं होतं. पहिली आली टाकीमागची. शेवटची पुलाजवळची. तक्ता कॉलनीत वाटायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांच्या मनात आलं, हे कळलं तर अख्खी कॉलनी टाकीमागे लोटेल आणि आपली पोर राहील बाहेर. म्हणून त्यांनी या दोन ओळींची तेवढी अदलाबदल केली. बाकी तक्ता दशांश चिन्हापर्यंत खरा होता. कुणी शंका घेतली नाही. ज्याच्या शिक्क्याशिवाय बाजारात किलोला किलो म्हणता येत नाही, त्याच्यावर शंका घेणार कोण?

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ही जर शेवटची, तर आपण इथे का आलो?"

"घराजवळ आहे."

"पूल याहून जवळ आहे."

निरीक्षकांनी भिंतीवरच्या कागदी फुलपाखरांकडे लक्ष दिलं. एकूण चौदा होती.

"तुम्ही नाही का पाहिला तक्ता?" बायकोने इस्त्रीवालीला विचारलं.

"मला कुठे वाचता येतं, ताई. थोरली इथेच होती. ती आता पेपर वाचून दाखवते घडाघडा, माझं डोकं उठवते. म्हटलं, ही दोघंही इथेच बरी."

बाई, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिका, जमिनीवर बसून लाकडी ठोकळे डब्यात भरत होत्या. एकवीस वर्षं त्या इथेच, याच जमिनीवर बसत आल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमचे आकडे मीच लिहून दिले होते साहेबांना. माझ्याकडे नक्कल आहे."

"मग तर पक्कंच झालं," कारकून म्हणाला.

बायकोने मान वळवली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक सापडलं की निरीक्षक दुकानदाराकडे जसे बघत, तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर घरी कुणी शिकवली असेल, हा प्रश्नच नव्हता.

"एक वाट आहे म्हणा," कारकून कनवाळू होता. "आमच्या साहेबांनी तुमचा तक्ता भिंतीला लावलाय, बालवाडी बंद करायचं त्यावरूनच ठरलं. तोच चुकलाय असा लेखी अर्ज आला तर मुदत वाढते. खाली सही, हुद्दा आणि शिक्का." त्याने वहीतून एक कागद फाडून पुढे केला. "पण तुमचं चुकेल कसं? तुम्ही चुकलात तर बाजार बंद करावा लागेल."

कागद निरीक्षकांच्या हातात आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कॉलनीने त्यांना पुलाजवळच्या पालक समितीचं अध्यक्ष केलं होतं. तिथे परवा सत्कार होता. त्यांनी टोपण लावलं. उठावं म्हटलं तर खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी कमरेला घट्ट बसले होते. ते पुन्हा टेकले. तेवढ्यात मुलीने चित्र काढायला म्हणून तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, आणि त्यांनी तो ओढू दिला.

"बरं, बदलीच्या दाखल्यावर वजन लागतं," कारकून म्हणाला. "तेवढं उरकू."

बाईंनी कोपऱ्यातला वजनकाटा पुढे सरकवला. त्याच्या पाठीवर या वर्षीचा शिक्का होता, निरीक्षकांच्या सहीचा. बाईंनी फडक्याने तो पुसला, जरा जास्तच वेळ. मग एकेक जुळं चढलं, उतरलं. दोघांत शंभर ग्रॅमचाही फरक निघाला नाही. इस्त्रीवालीला बरं वाटलं.

मग निरीक्षकांची मुलगी चढली, कागदासकट.

"तो कागद बाबांकडे दे बघू," बाई म्हणाल्या.

मुलीने हात लांब केला. निरीक्षकांचे हात गुडघ्यांवरच होते.

"असू द्या हो, बाई," कारकून घड्याळ बघत म्हणाला. "कोरा तर आहे. त्याचं असं काय वजन?"

बाईंनी आकडा लिहिला नाही. पेन्सिल दाखल्यावर टेकवून त्या थांबून राहिल्या.

"बाबा, घे ना कागद," मुलगी काट्यावरून म्हणाली. "मला खाली उतरायचंय."