एकोणचाळीस

मतदान करून ती घरी आली, ती बोटावरच्या शाईवर पट्टी गुंडाळूनच. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"पुन्हा कापलं? पाच वर्षांतून एकदाच भाजी चिरतेस की काय गं?"

ती नुसतीच हसली. मतपेटीतून क्रांती येत नाही, हे बाबांनी कारखान्याच्या फाटकावर जन्मभर सांगितलं होतं. ज्या काकांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी संप लढवले, ते यंदा निवडणुकीला उभे राहिले आणि तीस वर्षांची मैत्री तुटली.

"उभा कसला राहतोय," बाबा पुटपुटले, "आडवा झालाय तो. खोकला तरी बरा झाला का त्याचा, कोण जाणे."

निकालाच्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले. दुपारी काका आले, ते थेट त्यांच्या पायांशी बसले.

"एकोणचाळीस मतं पडली रे. तुझंच खरं झालं. ऐकायला तरी थांबायचंस."

ती बाबांच्या उशाशी वाकली आणि काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, त्यातलं एक आपल्या घरातलं होतं."