वापरलेली डिस्क

"पराग आला का गं शाळेतून?" कॉम्प्युटरमधून आईने विचारलं.

मृणालने चहाचा कप खाली ठेवला. "पराग कोण रे, दादा?"

त्यांच्या घरात पराग नावाचं कुणीच नव्हतं. श्रीरंग उगाचच मागची वायर हलवायला लागला. आई वारली तेव्हा, हल्ली सगळेच ठेवतात तसं, तिला घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं ठरलं होतं. हार्ड डिस्क आणायचं काम त्याचं. दुकानदाराने बजावलं होतं, "माणूस ठेवायचंय ना साहेब, मग नवीच घ्या. वापरलेली स्वस्त पडेल, पण तिची खात्री नाही." श्रीरंगने वापरलेली उचलली आणि बहिणीला नवी म्हणून सांगितलं.

"आई, पराग कोण?" मृणालने पुन्हा विचारलं.

"त्या बाईंचा मुलगा," आई म्हणाली. "माझ्या आधी इथे होत्या ना, त्या. अजून अर्ध्या राहिल्यात. स्वतःचं नावही आठवत नाही, नुसती त्याची वाट बघतात. मध्येच माझ्या तोंडून बोलतात."

मृणाल भावाकडे बघत राहिली.

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "स्वस्त मिळाली, घेतली. मीही तेच केलं असतं." मग तिने आवाज खाली आणला. "श्रीरंग, मला विकशील तेव्हा मात्र नीट पुसून विक हं. परक्या घरात असं अर्धवट राहायला फार लाज वाटते रे."